गॅरी किल्डॉल

गॅरी आर्लेन किल्डॉल (१९ मे १९४२, सिॲटल, वॉशिंग्टन – ११ जुलै १९९४, माँटेरे, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ, अध्यापक व उद्योजक होते. मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या लहान संगणकांसाठी त्यांनी लिहिलेली सीपी/एम ही संचालन प्रणाली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात व १९८० च्या दशकाच्या आरंभी या क्षेत्रातील प्रमाण प्रणाली मानली जात असे. पत्नी डोरोथी मॅकएवन यांच्यासह त्यांनी स्थापन केलेल्या डिजिटल रिसर्च या कंपनीने १९८५ मध्ये जेम हे चित्रमय वापर-माध्यम बाजारात आणले. खिडक्या, त्यांच्या कडेच्या खुणा आणि सरकपट्ट्या कोणी कशा काढाव्यात, यावर संगणक-उद्योगात झालेल्या पहिल्या मोठ्या वादांपैकी एक या जेमवरूनच उद्भवला. किल्डॉल यांचे नाव बहुधा आयबीएमचे कंत्राट हुकलेला माणूस म्हणून घेतले जाते. त्यांच्या कामाचा आवाका पाहता ही ओळख अपुरी आहे.

प्रारंभिक जीवन

किल्डॉल यांचे घराणे सिॲटलमध्ये नौकानयनाचे शिक्षण देणारी शाळा चालवीत असे. ती त्यांच्या आजोबांनी सुरू केली होती व पुढे वडिलांनी सांभाळली. जहाजाचे स्थान काढण्यासाठी लागणारी त्रिकोणमितीय गणिते आणि कोष्टके हा त्या घरातील रोजचा विषय होता. गॅरी यांनीही तरुणपणी काही काळ तेथे शिकवले. शालेय जीवनात त्यांना पुस्तकी अभ्यासापेक्षा यंत्रे उघडून पाहण्यात व मोटारी दुरुस्त करण्यात अधिक रस होता. शाळेपासूनची मैत्रीण डोरोथी मॅकएवन हिच्याशी १९६३ मध्ये त्यांचा विवाह झाला. या दांपत्यास एक मुलगा व एक मुलगी अशी दोन अपत्ये झाली.

गणिताचे शिक्षक व्हावे या हेतूने त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे संगणकाशी परिचय झाल्यावर मूळ बेत मागे पडला. व्हिएतनाम युद्धाच्या त्या काळात सक्तीच्या लष्करी सेवेतून सुटका नव्हती. आपल्या वाट्याची सेवा त्यांनी माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात अध्यापन करून पूर्ण केली आणि सेवा संपल्यानंतरही ते तेथेच शिकवीत राहिले. १९७२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने त्यांना संगणकशास्त्रातील डॉक्टरेट दिली.

त्यांचे या काळातील संशोधन आजही शिकवले जाते. प्रोग्रॅम प्रत्यक्ष न चालवता, त्यातील मूल्ये कोणकोणत्या वाटांनी कोठपर्यंत पोहोचतात याचा हिशेब मांडण्याची एक सर्वसाधारण पद्धत त्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दिली. कंपायलरने तयार केलेला संकेत अधिक कार्यक्षम करण्यासाठी ती उपयोगी पडते. कंपायलरच्या पाठ्यपुस्तकांत ती किल्डॉल यांची पद्धत म्हणून ओळखली जाते. पुढे त्यांनी काहीही केले नसते तरी संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव माहीत राहिले असते.

इंटेल आणि पीएल/एम

इंटेलने १९७१ मध्ये ४००४ हा मायक्रोप्रोसेसर विक्रीस आणला. एवढ्या लहान व स्वस्त तुकड्यावर संगणक उभा राहू शकतो याचे किल्डॉल यांना आकर्षण वाटले. घरच्या नौकानयनाच्या गणितांसाठी असे यंत्र बनवता येईल का, हा विचारही त्यामागे होता. ४००४ वर थेट प्रोग्रॅम लिहिणे अत्यंत जिकिरीचे असल्याने त्यांनी विद्यालयातील मोठ्या संगणकावर त्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम तयार केला. हे काम पाहून इंटेलने त्यांना सल्लागार म्हणून घेतले. आठवड्यातील एक दिवस ते माँटेरेहून इंटेलच्या कार्यालयात जात.

इंटेलसाठी त्यांनी १९७३ च्या सुमारास पीएल/एम ही भाषा तयार केली. मायक्रोप्रोसेसरसाठी बनवलेली ही पहिली उच्चस्तरीय भाषा मानली जाते. तोवर या प्रोसेसरकडे वाहतूक-दिवे किंवा उपकरणे नियंत्रित करणारा भाग म्हणूनच पाहिले जात होते. त्यावर भाषा, संपादक व फाइली असलेला पूर्ण संगणक चालावा, ही कल्पना इंटेलमध्येही फारशी रुजलेली नव्हती.

सीपी/एम

मोठ्या संगणकाच्या आधाराशिवाय थेट मायक्रोप्रोसेसरवर काम करायचे तर माहिती साठवण्यासाठी स्वस्त साधन हवे होते. फ्लॉपी डिस्क नुकतीच आली होती. किल्डॉल यांना शुगार्ट कंपनीकडून चाचणीत वापरलेला एक ड्राइव्ह मिळाला. परंतु तो संगणकाला जोडणारे नियंत्रक मंडल त्यांना जमले नाही. ते त्यांचे विद्यापीठातील मित्र जॉन टोरोडे यांनी तयार केले. पॅसिफिक ग्रोव्ह येथील घराच्या मागील कामाच्या खोलीत १९७४ मध्ये हा संच चालू झाला. त्यावर फाइली वाचणारी, लिहिणारी व आज्ञा स्वीकारणारी जी प्रणाली किल्डॉल यांनी लिहिली, ती सीपी/एम. त्यांनी ती इंटेलला देऊ केली, पण इंटेलने पीएल/एम ठेवून घेतली आणि संचालन प्रणालीत रस दाखवला नाही.

त्याच वर्षी किल्डॉल दांपत्याने स्वतःची कंपनी काढली. डिजिटल रिसर्च हे नाव तेव्हा दुसऱ्या कोणाकडे असल्याने आरंभी तिला इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च असे काहीसे गमतीचे नाव देण्यात आले. नियतकालिकांत जाहिराती देऊन सीपी/एम ७० डॉलरना टपालाने विकली जाऊ लागली. हिशेब, करारमदार व ग्राहकांशी व्यवहार डोरोथी पाहत. कंपनीच्या वाढीत त्यांचा वाटा मोठा आहे, जरी अनेक वृत्तांतांत त्या केवळ आयबीएमच्या प्रसंगापुरत्या येतात.

सीपी/एमच्या यशाचे कारण तिच्या रचनेत होते. त्या काळी प्रत्येक निर्मात्याचा संगणक वेगळा असे. टर्मिनल, डिस्क, जोडणीचे मार्ग यांत कसलेच साम्य नव्हते. प्रणाली प्रत्येकासाठी नव्याने लिहिण्याचा कंटाळा आल्यावर किल्डॉल यांनी तिचे भाग पाडले. यंत्राशी थेट बोलणारा सर्व संकेत एका लहान भागात वेगळा काढण्यात आला व त्यास बायॉस हे नाव मिळाले. फाइली सांभाळणारा मधला भाग आणि वापरकर्त्याच्या आज्ञा वाचणारा वरचा भाग यांना आता यंत्र कोणते आहे हे ठाऊक असण्याची गरज उरली नाही. नवा संगणक बाजारात आणणाऱ्याने फक्त बायॉस लिहायचा, बाकी सारे जसेच्या तसे चालत असे. यामुळे एकदा लिहिलेला शब्दसंस्करणाचा किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम शेकडो प्रकारच्या संगणकांवर विकता येऊ लागला आणि सॉफ्टवेअर हा हार्डवेअरपासून स्वतंत्र असा व्यवसाय झाला. सीपी/एम सुमारे ३,००० निरनिराळ्या संगणक-प्रकारांवर चालत असे, असे सांगितले जाते.

डिस्कला अक्षराने ओळखणे, फाइलीच्या नावास आठ अक्षरे व पुढे प्रकार दाखवणारी तीन अक्षरे देणे या सीपी/एमच्या पद्धती पुढे डॉसमध्ये गेल्या. डिस्कच्या अक्षरांचा वारसा तर विंडोजमध्ये अद्याप टिकून आहे.

आयबीएम प्रकरण

१९८० च्या उन्हाळ्यात आयबीएम आपल्या पहिल्या वैयक्तिक संगणकासाठी संचालन प्रणालीच्या शोधात होती. मायक्रोसॉफ्टकडे तेव्हा स्वतःची प्रणाली नव्हती. बिल गेट्स यांनी आयबीएमच्या प्रतिनिधींना डिजिटल रिसर्चकडे पाठवले. ते पॅसिफिक ग्रोव्हला आले त्या सकाळी किल्डॉल ठरलेल्या कामासाठी स्वतःच्या विमानाने एका ग्राहकाकडे गेले होते. परवान्यांची बोलणी नेहमीप्रमाणे डोरोथी करणार होत्या. आयबीएमने पुढे केलेला एकतर्फी गोपनीयतेचा करार वाचून त्यांनी व कंपनीच्या वकिलांनी सही करण्यास कां-कूं केली. किल्डॉल दुपारी परतले. त्यानंतर काय बोलणे झाले, करारावर सही झाली की नाही, याविषयी उपस्थितांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. एवढे निश्चित की पैशाच्या बाबतीत एकमत झाले नाही. आयबीएमला ठोक रक्कम देऊन प्रणाली घ्यायची होती, तर डिजिटल रिसर्च सर्वांना प्रतीमागे शुल्क आकारत असे.

यावरून एक दंतकथा तयार झाली. आयबीएमचे लोक दारात असताना किल्डॉल मौजेखातर विमान उडवीत होते, अशी ती कथा. ती त्यांना आयुष्यभर चिकटली. विमानोड्डाणाची त्यांना हौस होती हे खरे. त्या दिवशीचा प्रवास मात्र व्यवसायाचा होता.

आयबीएम पुन्हा मायक्रोसॉफ्टकडे वळली. सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत टिम पॅटरसन यांनी ८०८६ प्रोसेसरसाठी एक प्रणाली लिहिली होती. सीपी/एमचे प्रोग्रॅम तिच्यावर सहज आणता यावेत म्हणून तिच्या सेवा बऱ्याच अंशी सीपी/एमच्या सेवांसारख्याच ठेवल्या होत्या. मायक्रोसॉफ्टने तिचे हक्क विकत घेऊन आयबीएमला परवाना दिला आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा संगणक पीसी डॉससह जाहीर झाला.

हे साम्य पाहून किल्डॉल संतापले. परंतु सॉफ्टवेअरच्या प्रताधिकाराचा कायदा तेव्हा बाल्यावस्थेत होता. संकेत उतरवून घेणे गुन्हा ठरू शकेल; पण आज्ञांची रचना, सेवांचे क्रमांक, वापराची रीत हे कोणाच्या मालकीचे, याचे स्पष्ट उत्तर न्यायालयांकडे नव्हते. खटल्याऐवजी तडजोड झाली. आयबीएमने आपल्या संगणकासोबत सीपी/एम-८६ हा पर्यायही विकण्याचे मान्य केले. ती बाजारात आली तेव्हा तिची किंमत २४० डॉलर होती आणि पीसी डॉसची ४०. ग्राहकांनी काय निवडले हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तरीही डिजिटल रिसर्च लगेच खालावली नाही. १९८३ मध्ये तिचे वार्षिक उत्पन्न साडेचार कोटी डॉलरच्या आसपास होते. एकाच वेळी अनेक कामे करू देणारी प्रणाली, बेसिक व पीएल/आय या भाषांचे कंपायलर, मुलांसाठी लोगो अशी उत्पादने ती विकत होती. किल्डॉल व डोरोथी यांचा घटस्फोट याच सुमारास झाला. किल्डॉल यांनी पुढे दुसरा विवाह केला. दैनंदिन व्यवस्थापनातून ते हळूहळू बाजूला होत गेले.

जेम

आज्ञा टंकलिखित करण्याऐवजी पडद्यावरील चित्रे माउसने निवडण्याची पद्धत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत विकसित झाली आणि १९८१ मध्ये झेरॉक्स स्टार, १९८३ मध्ये ॲपल लिसा व जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश यांमधून बाजारात आली. ही यंत्रे महाग तरी होती किंवा फक्त एकाच कंपनीकडून मिळत होती. आयबीएमच्या संगणकांवर आणि त्यांच्या प्रतिरूपांवर असे काही देता आले तर बाजार मोठा होता. डिजिटल रिसर्चकडे जीएसएक्स ही रेखाचित्रे काढणारी प्रणाली आधीपासून होती. बायॉसमागील जुनीच कल्पना तीत पडद्यांना व छपाईयंत्रांना लावलेली होती. पूर्वी झेरॉक्समध्ये काम केलेले ली लॉरेंझन यांनी या पायावर जेमच्या मोठ्या भागाची उभारणी केली. म्हणजेच जेम ही किल्डॉल यांनी स्वतः लिहिलेली प्रणाली नव्हे. कंपनी त्यांची होती, थर वेगळे ठेवण्याची रीत त्यांनी घालून दिलेली होती. खिडक्यांचे रेखाटन मात्र त्यांच्या सहकाऱ्यांचे. नोव्हेंबर १९८४ मधील कॉमडेक्स प्रदर्शनात जेम दाखवण्यात आली व १९८५ च्या आरंभी विक्रीस आली.

जेममधील खिडकीचे वर्णन येथे थोडे विस्ताराने करणे उचित ठरेल, कारण पुढील वाद तिच्याभोवतीच्या दृश्य रचनेवरूनच झाला. प्रोग्रॅमने खिडकी मागताना तिला कोणकोणते भाग हवेत हे सांगायचे असे. वर नाव लिहिलेली शीर्षकपट्टी, तीच धरून खिडकी हलवण्याची सोय, डाव्या कोपऱ्यात खिडकी बंद करण्याची चौकट, उजव्या कोपऱ्यात ती पूर्ण पडदाभर करण्याची चौकट, शीर्षकाखाली माहितीची एक ओळ, खाली उजवीकडे आकार बदलण्याची चौकट आणि उजव्या व खालच्या कडेला बाणांसह सरकपट्ट्या. यांतील प्रत्येक भाग स्वतंत्रपणे ठेवता वा वगळता येई. एखाद्या संदेशाच्या खिडकीला सरकपट्टी नको असेल तर ती काढलीच जात नसे. सक्रिय खिडकीची शीर्षकपट्टी नक्षीने भरलेली दिसे, त्यामुळे एकमेकींवर पडलेल्या खिडक्यांतून कोणती आपली आज्ञा ऐकते आहे हे एका दृष्टिक्षेपात कळे.

या चौकटींवर माउस दाबल्यावर काय व्हावे, हे जेम स्वतः ठरवीत नसे. ती फक्त संबंधित प्रोग्रॅमला निरोप धाडी. बंद करण्याची चौकट दाबली म्हणजे खिडकी लगेच नाहीशी होई असे नाही. प्रोग्रॅमने आधी लिखाण जतन करायचे की नाही हे विचारावे आणि मग ती बंद करावी, अशी अपेक्षा असे. चित्र काढणे प्रणालीकडे व अर्थ लावणे प्रोग्रॅमकडे, अशी ही वाटणी होती.

सरकपट्टीतील सरकणारा ठोकळाही लक्षणीय होता. मॅकिंटॉशमध्ये त्या काळी हा ठोकळा नेहमी एकाच आकाराचा असे. तो दस्तऐवजात आपण कोठे आहोत हे सांगे, पण दस्तऐवज केवढा आहे हे सांगत नसे. जेममध्ये प्रोग्रॅमला ठोकळ्याचा आकार व स्थान हजार भागांच्या मापाने कळवता येई. दस्तऐवजाचा अर्धा भाग दिसत असेल तर ठोकळा पट्टीच्या निम्म्या लांबीचा होई. आज हेच सर्वत्र रूढ आहे. पडदाभर खिडकी करणारी कोपऱ्यातील चौकटही मॅकिंटॉशच्या मूळ आवृत्तीत नव्हती. ती तेथे १९८६ मध्ये आली.

जेमची एक शाखा अटारी कंपनीच्या एसटी या संगणकात गेली. अटारीचे अभियंते माँटेरे येथे डिजिटल रिसर्चच्या लोकांसमवेत बसून ती मोटोरोला ६८००० प्रोसेसरवर आणीत होते. १९८५ मध्ये आलेल्या या संगणकात खिडकीच्या खुणा सुटी चित्रे म्हणून ठेवलेल्या नव्हत्या. त्या चक्क अक्षरसंचातील अक्षरे होत्या. संचाच्या आरंभीच्या जागांवर चार दिशांचे बाण होते व त्यांच्या पाठोपाठ बंद करण्याची फुली, आकार बदलण्याची खूण आणि पडदाभर करण्याचा हिऱ्यासारखा आकार. काळ्या चौकोनात पांढऱ्या रेघांची ही फुली म्हणजे खिडकी बंद करण्यासाठी फुलीचे चिन्ह वापरल्याच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय. तेव्हा मॅकिंटॉशमध्ये त्या जागी रिकामा चौकोन असे. विंडोजमध्ये फुली रूढ झाली ती विंडोज ९५ पासून. अक्षरसंचात जागा मिळाल्यामुळे या खुणांना एक अनपेक्षित दीर्घायुष्यही लाभले: जुन्या संगणकांची चिन्हे युनिकोडमध्ये समाविष्ट करताना त्यांनाही तेथे स्थान देण्यात आले.

ॲपलशी वाद

जेमचा डेस्कटॉप मॅकिंटॉशसारखा दिसत होता. डिस्कची चित्रे, कचरापेटी, वरची मेनूपट्टी, एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या, खिडकी उघडताना चौकटी विस्तारत जाण्याचे चलच्चित्र, हे सारे पाहणाऱ्यास ओळखीचे वाटे. १९८५ मध्ये ॲपलने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. न्यायालयात जाण्याआधीच, त्या वर्षीच्या सप्टेंबर अखेरीस, डिजिटल रिसर्चने समझोता करून डेस्कटॉप बदलण्याचे मान्य केले.

परिणामी जेमच्या पुढील आवृत्तीत डेस्कटॉपवर केवळ दोन खिडक्या राहिल्या. त्या हलवता येत नसत व एकमेकींवर येऊ शकत नसत. खिडकी उघडण्या-मिटण्याचे चलच्चित्र गेले. कचरापेटीही तिच्या मूळ रूपात उरली नाही. एक विसंगती मात्र राहिली. बंधन डेस्कटॉपवर होते, खालच्या खिडकी-व्यवस्थेवर नव्हते. त्यामुळे जेमवर चालणारे इतर प्रोग्रॅम पूर्वीप्रमाणेच हलत्या, एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या वापरू शकत होते. अटारीच्या शाखेला हा समझोता लागू झाला नाही. एकाच मुळापासून निघालेल्या दोन प्रणालींपैकी एकीच्या खिडक्या मोकळ्या व दुसरीच्या जखडलेल्या, असे चित्र निर्माण झाले. जेमची मूळ रचना कशी होती हे नंतरच्या वापरकर्त्यांनी पाहिले ते मुख्यतः अटारीवर, विशेषतः युरोपात.

चार वर्षांपूर्वी आपल्या प्रणालीची रीत उचलली गेली असे म्हणणाऱ्या किल्डॉल यांच्या कंपनीवरच आता दुसऱ्याचे रूप उचलल्याचा आरोप होता. दोन्ही वेळा मूळ प्रश्न एकच होता आणि दोन्ही वेळा डिजिटल रिसर्चनेच माघार घेतली. १९८१ मध्ये बलाढ्य प्रतिपक्षाशी लढण्याइतका कायदा स्पष्ट नव्हता. १९८५ मध्येही तो तितकाच अस्पष्ट होता, पण त्या अस्पष्टतेचा लाभ या वेळी ॲपलला झाला. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९८५ मध्ये ॲपलशी परवान्याचा करार केला. त्याच महिन्यात आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींशेजारी मांडल्या जात, एकमेकींवर येत नसत. दुसऱ्या आवृत्तीत त्या येऊ लागल्यावर ॲपलने १९८८ मध्ये दावा दाखल केला. जिल्हा न्यायालयाने १८९ पैकी १० वगळता सर्व दृश्य घटक त्या करारात समाविष्ट असल्याचे ठरवले, व उरलेल्यांपैकी बहुतेकांना प्रताधिकाराचे संरक्षण मिळू शकत नाही असा निर्णय दिला. सप्टेंबर १९९४ मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय कायम केला. किल्डॉल यांचे निधन त्याच्या दोन महिने आधी झाले होते.

जेम पूर्णपणे वाया गेली असे म्हणता येत नाही. लॉरेंझन यांनी सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या कंपनीचा व्हेंचुरा पब्लिशर हा पृष्ठमांडणीचा प्रोग्रॅम जेमवर चालत असे व १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीवरील छपाईच्या व्यवसायात तो प्रमुख साधन होता. ॲमस्ट्रॅडच्या स्वस्त पीसीसोबतही जेम दिली जाई. जेमचा मूळ संकेत १९९९ मध्ये खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध झाला. त्यानंतर हौशी प्रोग्रॅमरांनी तीत काढून टाकलेल्या सोयी पुन्हा बसवल्या.

सीडी-रॉम, दूरचित्रवाणी आणि इतर कामे

जेमचे काम चालू असताना किल्डॉल यांचे स्वतःचे लक्ष प्रकाशीय तबकड्यांकडे वळले होते. टॉम रोलँडर यांच्यासह त्यांनी १९८४ मध्ये ॲक्टिव्हेंचर ही कंपनी काढली. पुढे तिचे नाव नॉलेजसेट झाले. या कंपनीने १९८५ मध्ये ग्रोलियरचा वीस खंडांचा विश्वकोश एका सीडी-रॉमवर आणला. शब्द देऊन लेख शोधण्याची सोय त्यात होती. सर्वसामान्य ग्राहकांसाठी निघालेल्या पहिल्या सीडी-रॉम विश्वकोशांत त्याची गणना होते.

१९८३ ते १९९० या काळात ते स्ट्युअर्ट शिफे यांच्यासमवेत कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाचे सहसूत्रसंचालक होते. प्रतिस्पर्ध्यांची उत्पादनेही ते तेथे शांतपणे, अध्यापकाच्या भूमिकेतून समजावून सांगत. या कार्यक्रमाचे उपलब्ध भाग त्या दशकातील संगणकांचा मोलाचा दृश्य दस्तऐवज आहेत.

डिजिटल रिसर्चने १९८८ मध्ये डीआर-डॉस आणून मायक्रोसॉफ्टशी पुन्हा स्पर्धा केली. १९९१ मध्ये ही कंपनी नॉव्हेलने विकत घेतली. विक्रीतून किल्डॉल यांना मोठी संपत्ती मिळाली. ते टेक्सासमधील ऑस्टिनजवळ राहू लागले, तेथे दूरध्वनी-यंत्रणेशी संबंधित एक कंपनी काढली व बालकांच्या एड्सविषयक कार्यास स्वयंसेवक म्हणून मदत केली.

अखेरची वर्षे व मृत्यू

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे निमंत्रण १९९२ मध्ये किल्डॉल यांना आले. विभागातून डॉक्टरेट मिळवलेले ते आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी होते. प्रमुख वक्ते मात्र बिल गेट्स होते, ज्यांनी या विद्यापीठातून पदवी घेतलेली नव्हती. ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. त्यानंतर त्यांनी आत्मचरित्र लिहिण्यास घेतले आणि १९९३ च्या अखेरीस त्याच्या काही प्रती निकटवर्तीयांना दिल्या. ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. कुटुंबीयांच्या संमतीने कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने २०१६ मध्ये त्याचा पहिला भाग सर्वांसाठी खुला केला.

अखेरच्या वर्षांत त्यांना मद्याच्या व्यसनाने ग्रासले होते. ८ जुलै १९९४ रोजी माँटेरे येथील एका मद्यगृहात त्यांच्या डोक्याला दुखापत झाली. ती कशी झाली याविषयी निरनिराळे तर्क आहेत व प्रकरण पूर्णपणे उलगडलेले नाही. तीन दिवसांनी, ११ जुलै रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. सिॲटलमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

सन्मान

सॉफ्टवेअर प्रकाशकांच्या अमेरिकेतील संघटनेने १९९५ मध्ये त्यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार दिला. पॅसिफिक ग्रोव्हमधील लाइटहाउस मार्गावरील ज्या घरातून डिजिटल रिसर्चचे काम चाले, त्या ८०१ क्रमांकाच्या इमारतीसमोर आयईईई या संस्थेने एप्रिल २०१४ मध्ये सीपी/एमच्या निर्मितीची नोंद करणारा फलक बसवला. नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयानेही आपल्या एका सभाकक्षास २०१७ मध्ये त्यांचे नाव दिले.